लाइट आल्यावर वायफाय जोडलेलं दिसतं, नेट मात्र चालत नाही: स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावताना काय काय अडतं

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात, गणपतीपुळ्याला किंवा वर गुहागर-दापोलीकडे ज्यांनी लॉज आणि होमस्टेची नेटवर्कं सांभाळली आहेत, त्यांना हा फोन तोंडपाठ असेल. "दादा, वायफाय जोडलेला दिसता, पण काय एक चलणा नाय. लाइट इल्यापासून ह्या असाच." आपण सांगतो, सगळं एकदा बंद करून चालू करा. ते करतात. काही खोल्यांत नेट येतं, काहींत येत नाही. तासाभराने ज्यांचं चालत होतं त्यातल्याही दोघाचौघांचं बंद पडतं. मग कधीतरी आपोआप सुरळीत होतं, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

मांडणी बहुतेक ठिकाणी एकच. ऑफिसात ओएनटी (फायबर जिथे येऊन संपतं तो कंपनीचा डबा), त्याला मुख्य राउटर, त्याला एक मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यात सेटिंग करता येतं असा. तिथून कॉटेजेसकडे केबल, कॉटेजमध्ये पाच-आठ पोर्टचा साधा स्विच आणि एखादा ॲक्सेस पॉइंट. प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटायचं काम, म्हणजेच डीएचसीपी, मुख्य राउटरचं. कागदावर यात बिघडण्यासारखं काही नाही.

इंटरनेट कंपनीला फोन लावण्याआधी, ज्याचं चालत नाही त्या फोनला किंवा लॅपटॉपला कोणता पत्ता मिळालाय ते बघा. फोनमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारली की आयपी पत्ता आणि गेटवे (बाहेर नेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) दिसतो. विंडोजवर "आयपीकॉन्फिग /ऑल" दिलं की "डीएचसीपी सर्व्हर" अशी वेगळी ओळच येते, आणि आपल्याला तीच हवी आहे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या यंत्राला कोणाकडूनच पत्ता मिळालेला नाही, त्याने तो स्वतःच घेतलाय. पत्ता तुमच्या नेहमीच्या मालिकेतला असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष डीएचसीपीच्या पलीकडे आहे. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बघा, ओएनटीवरचा लाल दिवा बघा. पण पत्ता १९२.१६८.०.१०३ किंवा १९२.१६८.१.५ असा असेल आणि तुमची मालिका तशी नसेलच, तर नेटवर्कमध्ये दुसरा कोणीतरी पत्ते वाटतोय. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्याबद्दल आहे.

तुमची मालिकाच १९२.१६८.१ ची असेल तर हे निदान फार अवघड जातं. बहुतेक घरगुती राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ घेऊनच येतात, त्यामुळे चुकीचा पत्ताही बरोबर दिसतो आणि गेटवेचा पत्ता दोन यंत्रांकडे असतो. म्हणून नवीन जागी मी मालिका मुद्दाम वेगळी ठेवतो, उदाहरणार्थ १०.३७.२०.०/२४. त्यामुळे मालकाला फोनवरूनच विचारता येतं, "काका, आकडा दहापासून सुरू होतोय की एकशे ब्याण्णवपासून?" अर्धं निदान तिथेच होतं.

लाइट आल्यावरच का?

नवीन यंत्र नेटवर्कवर आलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं: डिस्कव्हर. ज्याच्याकडे पत्ते आहेत तो ऑफर देतो, यंत्र त्यातली एक मागतं, म्हणजे रिक्वेस्ट, आणि सर्व्हर ॲक देऊन पक्कं करतो. सर्व्हरचं यूडीपी पोर्ट ६७, ग्राहकाचं ६८. १९९७ सालच्या आरएफसी २१३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) हे सगळं लिहिलेलं आहे आणि त्यात सर्व्हर खरा की खोटा हे तपासायची काहीच सोय नाही. बहुतेक यंत्रं जी ऑफर आधी येईल ती धरतात. मालवणच्या जेटीवर होडीतून उतरणाऱ्या पर्यटकाला जो आधी गाठेल त्याच्या लॉजवर तो जातो, तसंच.

लाइट येते तेव्हा सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. स्वस्तातला राउटर पटकन उठून पत्ते वाटायला बसतो. मुख्य राउटर, विशेषतः फायरवॉल असलेला, बराच वेळ घेतो. त्या फटीत जे जे फोन जोडले जातात ते सगळे चुकीच्या सर्व्हरकडे जातात. ज्यांचे फोन आधीपासून जोडलेले होते तेही सुटत नाहीत. पुन्हा जोडताना फोन जुनाच पत्ता मागतो, आणि बरेच घरगुती राउटर "हा पत्ता या नेटवर्कचा नाही" म्हणून नॅक पाठवतात. नॅक मिळाल्यावर फोन बरोबर असलेला पत्ता टाकून देतो आणि नव्याने हाक मारतो.

मग ते आपोआप सुरळीत कसं होतं? लीजमुळे, म्हणजे पत्ता वापरायच्या मुदतीमुळे. लीजचा निम्मा वेळ गेला की यंत्र पत्ता देणाऱ्याकडेच नूतनीकरण मागतं, उत्तर मिळालं नाही तर ८७.५ टक्के गेल्यावर कोणाकडूनही चालेल म्हणून पुन्हा हाक मारतं. शिवाय पाहुणे वायफाय बंद-चालू करत राहतात. दर वेळी नवीन शर्यत, आणि एव्हाना मुख्य राउटरही जागा झालेला असतो.

हा दुसरा राउटर येतो कुठून?

कोणी हॅकर येऊन बसलेला नसतो. इथली घरं जांभ्या चिऱ्याची, भिंती जाड. ऑफिसातल्या राउटरचं वायफाय दोन भिंतींपलीकडे जात नाही. मालकाचा भाचा किंवा केबलचं काम करणारा पोरगा घरात पडून असलेला जुना राउटर उचलतो, मागच्या पडवीत लावतो आणि केबल त्याच्या लॅन (आतल्या यंत्रांच्या) पोर्टात घालतो. वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) पोर्टात घातली असती तर त्याचं डीएचसीपी त्याच्या मागच्या खोल्यांपुरतंच राहिलं असतं. लॅनमध्ये घातल्यावर त्याने वाटलेले पत्ते सगळ्या वाडीत पसरतात.

त्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करणं हा उपाय बरोबर आहे, पण टिकत नाही. नेट मंद झालं की कोणीतरी टाचणीने रीसेट दाबतं आणि राउटर मूळपदावर येतो. किंवा तो बिघडतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून हे स्विचवरच थांबवायला हवं.

त्याआधी तो शोधायचा. चुकीचा पत्ता मिळालेल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाका. राउटरचं लॉगिन पान उघडतं आणि त्यावर मॉडेल लिहिलेलं असतं. पुष्कळदा तेवढ्यावरच मालक सांगतो, "अरे, हा तर वरच्या खोलीतला." नाही कळलं तर "एआरपी -ए" देऊन गेटवेचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) घ्या आणि मुख्य स्विचवर विचारा (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या, पद्धत सिस्कोच्या आयओएसची आहे):

शो मॅक ॲड्रेस-टेबल ॲड्रेस <मॅक>

उत्तरात पोर्ट क्रमांक येतो. त्या पोर्टवर आणखी बरेच मॅक दिसत असतील तर मागे साधा स्विच आहे, आणि तिथून पुढे केबल हाताने तपासत जावं लागतं. राउटरवरच्या स्टिकरवरचा मॅक आणि तुम्हाला मिळालेला मॅक यांत शेवटच्या अंकाचा फरक असू शकतो, कारण लॅन, वॅन आणि वायफायचे मॅक वेगळे असतात. जवळपास जुळलं तरी तोच समजा.

आणखी एक. समुद्रालगत आरजे-४५ (नेटवर्क केबलचा प्लग) च्या धातूच्या टोकांवर हिरवट गंज चढतो, पोर्ट पडत-उठत राहतं, आणि त्याची लक्षणंही "मध्येच नेट जातं" अशीच असतात. पण त्यात पत्ता चुकीचा मिळत नाही. पत्ता बघा म्हणतो ते यासाठीही.

स्नूपिंग लावण्याचा क्रम

डीएचसीपी स्नूपिंग म्हणजे स्विचने डीएचसीपीचे निरोप वाचणं. तुम्ही पोर्ट दोन प्रकारचे ठरवता, ट्रस्टेड आणि अनट्रस्टेड. ऑफर, ॲक, नॅक हे सर्व्हरचे निरोप अनट्रस्टेड पोर्टातून आत आले की स्विच ते टाकून देतो. पडवीतला राउटर कितीही ओरडला तरी त्याचा आवाज त्या पोर्टापुढे जात नाही. शिवाय कोणत्या मॅकला कोणत्या पोर्टवर कोणता आयपी मिळाला याची नोंद स्विच बाइंडिंग टेबलात ठेवतो. ही नोंद पुढे फार कामाला येते आणि तितकाच तापही देते.

चालू केल्या क्षणी सगळे पोर्ट अनट्रस्टेड असतात, मुख्य राउटरचा पोर्टसुद्धा. म्हणून ट्रस्ट आधी, स्नूपिंग नंतर:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/१
आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट
एक्झिट
नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन
आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन १०
आयपी डीएचसीपी स्नूपिंग

पाहुण्यांचं व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) वेगळं नसेल तर १० च्या जागी १. व्हीलॅनची ओळ राहून गेली तर स्विच स्नूपिंग चालू आहे असं सांगतो आणि प्रत्यक्षात काहीच अडवत नाही. "शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग" दिल्यावर ते कोणत्या व्हीलॅनवर कॉन्फिगर आहे आणि कोणत्यावर ऑपरेशनल आहे, अशा दोन ओळी येतात. दुसऱ्या ओळीत तुमचा आकडा दिसायला हवा.

आणि "राइट मेमरी". हसू नका. रनिंग कॉन्फिगमध्ये (सध्या चालू असलेल्या सेटिंगमध्ये) सगळं चोख, सेव्ह केलेलं नाही, चार दिवसांनी लाइट गेली आणि सगळं पुसलं गेलं. मग "स्नूपिंग लावलंय तरी होतंय" अशी तक्रार येते. जिथे महिन्यातून अनेकदा लाइट जाते तिथे ही पहिली तपासायची गोष्ट.

कॉटेजमध्ये दुसरा मॅनेज्ड स्विच असेल तर त्याचा वर जाणारा पोर्ट ट्रस्टेड, कारण सर्व्हर त्या दिशेला आहे. मुख्य स्विचवरचा, खाली कॉटेजकडे जाणारा पोर्ट मात्र अनट्रस्टेडच. ट्रस्ट ज्या त्या स्विचवर सर्व्हरच्या दिशेच्या पोर्टाला द्यायचा, "दोन्हीकडे स्विच आहेत" म्हणून दोन्ही टोकांना नव्हे.

इतर कंपन्यांत शब्द बदलतात. एचपी-अरुबाच्या स्विचवर ट्रस्टेड पोर्टासोबत "ऑथराइज्ड सर्व्हर" म्हणून खऱ्या सर्व्हरचा आयपीही देता येतो. मायक्रोटिकमध्ये ब्रिजवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून पोर्टाला "ट्रस्टेड" करायचं. टीपी-लिंकच्या जेटस्ट्रीम मालिकेत "डीएचसीपी फिल्टर" नावाने सोय मिळते, तिथे वैध सर्व्हर नोंदवायचा. छोट्या लॉजला तेवढं पुरतं. सिस्कोच घ्या असा माझा आग्रह नाही.

लावल्यावर कोणालाच पत्ता मिळेना

स्नूपिंगच्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली गोष्ट ऑप्शन ८२ ची. वरच्या यादीत "नो ... इन्फॉर्मेशन ऑप्शन" ही ओळ मुद्दाम घातली आहे. स्नूपिंग चालू असलेला स्विच ग्राहकाच्या निरोपात आपल्याकडून एक चिठ्ठी घालतो: हा माणूस कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे. २००१ च्या आरएफसी ३०४६ मधला हा ऑप्शन ८२ मोठ्या कंपन्यांत, इंटरनेट पुरवठादारांकडे उपयोगी आहे. आपल्याकडे तो दोन ठिकाणी अडतो.

पहिलं म्हणजे सर्व्हर. चिठ्ठी तर आहे, पण रिले एजंटचा (निरोप पुढे पोचवणाऱ्या मध्यस्थाचा) पत्ता शून्य, हे काही सर्व्हरना संशयास्पद वाटतं आणि ते निरोप गुपचूप टाकून देतात. सिस्कोचा राउटरच सर्व्हर असेल तर हमखास. चिठ्ठी हवीच असेल तर त्या राउटरवर "आयपी डीएचसीपी रिले इन्फॉर्मेशन ट्रस्ट-ऑल" द्यावं लागतं.

दुसरं म्हणजे वरचा स्विच. कॉटेजच्या स्विचने चिठ्ठी घातली, निरोप मुख्य स्विचच्या अनट्रस्टेड पोर्टात आला. अनट्रस्टेड पोर्टातून आधीच ऑप्शन ८२ घेऊन आलेला निरोप मुख्य स्विच टाकून देतो. लक्षण असं दिसतं: ऑफिसच्या स्विचला थेट जोडलेल्यांना पत्ता मिळतो, कॉटेजवाल्यांना १६९.२५४. हे कळायला लोकांचे तास जातात, कारण दोन्ही स्विचवर सेटिंग सारखंच आणि बरोबर दिसतं. उपाय म्हणजे कॉटेजच्या स्विचवर चिठ्ठी बंद करणं. वरच्या स्विचवर "इन्फॉर्मेशन ऑप्शन अलाउ-अनट्रस्टेड" देऊनही काम होतं, पण गरज नसलेली गोष्ट चालू ठेवून तिच्यासाठी आणखी एक सूट देण्यात मला अर्थ वाटत नाही.

फक्त रीपीटरच्या मागच्या खोल्यांना पत्ता मिळत नसेल तर कारण वेगळं आहे. डीएचसीपीच्या निरोपात आत ग्राहकाचा मॅक लिहिलेला असतो आणि बाहेर फ्रेमवर पाठवणाऱ्याचा मॅक असतो. स्नूपिंग हे दोन जुळतात का ते बघतं, आणि ती तपासणी मुळातच चालू असते. काही वायफाय रीपीटर बाहेरचा मॅक स्वतःचा लावतात आणि आतला ग्राहकाचाच ठेवतात. स्विचच्या दृष्टीने ही लबाडी, निरोप गळाला. "नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हेरिफाय मॅक-ॲड्रेस" दिलं की चालतं. पण खरं सांगायचं तर चिऱ्याच्या भिंतींत रीपीटर हा उपायच कच्चा. वायर ओढा आणि ॲक्सेस पॉइंट लावा.

लाइट आल्यावर अख्खं कॉटेज गायब

स्नूपिंगबरोबर लोक रेट लिमिटही लावतात. पोर्टातून सेकंदाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त डीएचसीपी निरोप आले की पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करून टाकतो. खोटे मॅक बनवून सर्व्हरचे सगळे पत्ते संपवायच्या हल्ल्याविरुद्ध हे चांगलं आहे. इंटरनेटवरच्या पुष्कळ उदाहरणांत आकडा १५ किंवा त्याहूनही कमी असतो आणि तो तसाच उचलला जातो.

आता डिसेंबरअखेरची संध्याकाळ घ्या. सगळ्या खोल्या भरलेल्या, एकेका खोलीत चार फोन, टीव्ही, कोणाचा लॅपटॉप. लाइट येते, ॲक्सेस पॉइंट उठतात आणि सगळे एकदम हाका मारतात. नव्याने पत्ता घेणारं प्रत्येक यंत्र किमान दोन निरोप पाठवतं, उत्तर उशिरा आलं तर जास्त, आणि मुख्य राउटर अजून उठलेला नसल्याने उत्तर उशिराच येणार. पंधराची मर्यादा क्षणात ओलांडली जाते आणि ज्या पोर्टामागे चार खोल्या आहेत तो पोर्टच बंद. हल्ला कोणीच केलेला नाही.

शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड

इथे पोर्ट दिसला की कारण कळलं. एकच संगणक असलेल्या पोर्टाला १५ ठीक. ॲक्सेस पॉइंट किंवा साधा स्विच मागे असलेल्या पोर्टाला मी ५० ते १०० च्या दरम्यान ठेवतो. ट्रस्टेड पोर्टाला मर्यादा नकोच. आणि पोर्ट आपोआप उठेल याची सोय करून ठेवा:

एररडिसेबल रिकव्हरी कॉज डीएचसीपी-रेट-लिमिट

मुळात वाट पाहण्याची वेळ ३०० सेकंद असते. नाहीतर रात्री साडेदहाला देवबागपर्यंत गाडी काढायची पाळी येते, आणि तीही फक्त "शटडाउन, नो शटडाउन" करायला.

या सगळ्यावरचा स्वस्त आणि खरा आधार म्हणजे ओएनटी, मुख्य राउटर आणि मुख्य स्विच ही तिन्ही इन्व्हर्टरवर घेणं, आणि इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवणं. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होऊ शकतो. खरा सर्व्हर बंदच पडला नाही तर शर्यतही उरत नाही. पण मग स्नूपिंगची गरज नाही असं समजू नका. रिकाम्या वेळी आलेल्या नव्या पाहुण्याला चुकीची ऑफर आधी मिळू शकतेच.

पुढची पायरी कुठे चढायची आणि कुठे नाही

स्नूपिंगच्या नोंदीवर आणखी दोन गोष्टी उभ्या राहतात. डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन खोटे एआरपी (कोणता आयपी कोणत्या मॅकचा हे सांगणारे निरोप) अडवतं. आयपी सोर्स गार्ड नोंदीत नसलेल्या पत्त्याची वाहतूकच अडवतं. दोन्ही चांगल्या आहेत, आणि दोन्ही लॉजच्या पाहुण्यांच्या व्हीलॅनवर लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुणा खोलीतून समुद्राकडच्या झोपाळ्यावर जातो, फोन दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटला चिकटतो, म्हणजे स्विचच्या दुसऱ्या पोर्टावर येतो. तो नव्याने पत्ता मागेलच असं नाही. नोंद जुन्या पोर्टाची, म्हणून एआरपी अडतं, नेट बंद. पाहुण्यांसाठी ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन लावा. त्याने एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनशी थेट बोलू शकत नाही आणि बहुतेक धोका तिथेच संपतो.

ऑफिसच्या व्हीलॅनवर, पतसंस्थेत किंवा शाळेच्या संगणक कक्षात मात्र एआरपी इन्स्पेक्शन जरूर लावा. तिथे अडचण स्थिर पत्त्यांची येते. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रिंटर, हजेरीचं यंत्र यांना पत्ता हाताने दिलेला असतो, त्यांची नोंद टेबलात नसते, आणि इन्स्पेक्शन चालू केल्याबरोबर ती गायब होतात. प्रत्येकासाठी एआरपी ॲक्सेस-लिस्ट लिहिता येते. त्यापेक्षा सोपं म्हणजे त्या यंत्रांना डीएचसीपीवर ठेवून सर्व्हरमध्ये त्यांच्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवणं. पत्ता स्थिरच राहतो आणि नोंद आपोआप होते. इन्स्पेक्शनलाही अनट्रस्टेड पोर्टावर सेकंदाला १५ ची मर्यादा मुळातच असते, तेव्हा वरची एरर-डिसेबलची गोष्ट इथेही लागू.

दुसरी अडचण पुन्हा लाइटची. बाइंडिंग टेबल स्विचच्या मेमरीत असतं. स्विच रीस्टार्ट झाला की टेबल रिकामं. स्विचमागचं यंत्र इन्व्हर्टरवर असेल आणि मध्ये एखादा साधा स्विचही तसाच चालू असेल, तर त्या यंत्राला काही घडल्याचंच कळत नाही. त्याची लीज शिल्लक आहे, ते नव्याने काही मागत नाही. इकडे स्विचकडे नोंद नाही, म्हणून त्याचं सगळं एआरपी कचऱ्यात. निम्मी लीज संपेपर्यंत हे असंच चालतं. उपाय म्हणजे नोंदी फाइलमध्ये ठेवणं:

आयपी डीएचसीपी स्नूपिंग डेटाबेस फ्लॅश:/स्नूप.डीबी
आयपी डीएचसीपी स्नूपिंग डेटाबेस राइट-डिले ६०

मूळ विलंब ३०० सेकंदांचा असतो, म्हणजे लाइट जाण्याआधीच्या पाच मिनिटांतल्या नोंदी वाचत नाहीत. दिवसातून दोन-तीनदा लाइट जाणार असेल तर तो कमी करा. फार कमी करून फ्लॅशवर सारखं लिहीत राहणंही बरं नाही.

यात एक आडवळण आहे. लीजची वेळ बरोबर राहावी म्हणून स्विचला घड्याळ लागतं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) कॉन्फिगर केलेलं असेल तर सिस्कोचा स्विच घड्याळ जुळल्याशिवाय नोंदी फाइलमध्ये लिहीतच नाही. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटलं, लाइट आली पण नेट नाही, एनटीपी जुळत नाही, आणि त्या काळातल्या नोंदी लिहिल्या जात नाहीत. म्हणून एनटीपीचा स्रोत म्हणून बाहेरच्या सर्व्हरऐवजी स्वतःच्या मुख्य राउटरचा पत्ता द्या. बॅटरीवर चालणारं घड्याळ असलेला राउटर असेल तर उत्तम.

स्नूपिंग जिथे पोचत नाही

साध्या, अनमॅनेज्ड स्विचच्या आत काय चाललंय ते मुख्य स्विचला दिसत नाही. खोटा राउटर आणि चार खोल्या एकाच साध्या स्विचवर असतील तर त्या चार खोल्यांना तो पत्ते देतच राहील. बाकीची वाडी तेवढी वाचेल. तरी याचा एक फायदा होतो: तक्रार एका कॉटेजपुरती येते, म्हणजे राउटर कुठे आहे ते आपोआप कळतं. पैसे असतील तर कॉटेजमध्येही छोटा मॅनेज्ड स्विच बसवा. ॲक्सेस पॉइंटमध्येच जादा लॅन पोर्ट असतील तर तेही बघा, भाचा तिथेही केबल घालतो.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) कडे डीएचसीपी स्नूपिंग बघत नाही. खोटा राउटर आयपीव्ही६ ची जाहिरात करत असेल तर फोन त्याच्याकडे वळू शकतो. त्यासाठी आरए गार्ड हे वेगळं सेटिंग असतं, ग्राहकांकडच्या पोर्टांवर लावून टाका.

आणि पत्ते खरोखरच संपले असतील तर? मे महिन्यात किंवा वर्षअखेरीला १६९.२५४ दिसू लागलं आणि स्नूपिंगच्या आकडेवारीत काही गळलेलं नसेल, तर सर्व्हरची लीज बघा. /२४ च्या मालिकेत २५४ पत्ते, त्यातले काही राखीव. लीज एक दिवसाची असेल आणि पाहुणे सकाळी जाऊन दुपारी नवे येत असतील तर गेलेल्यांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात. दुपारी जेवायला थांबणारे पर्यटकही वायफायचा पासवर्ड मागतातच. लीज दोन-तीन तासांवर आणा, नाहीतर मालिका /२३, म्हणजे दुप्पट पत्त्यांची, करा.

तपासणी पाहुणे नसताना करा. जून ते ऑगस्ट त्यासाठी बरा. एक जुना राउटर डीएचसीपी चालू ठेवून मुद्दाम कॉटेजच्या पोर्टात लॅनकडून लावा. दुसऱ्या कॉटेजमध्ये फोन जोडून पत्ता बघा, मग मुख्य स्विचवर:

शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग स्टॅटिस्टिक्स

अनट्रस्टेड पोर्टावर गळलेल्या निरोपांचा आकडा वाढायला हवा. नंतर मीटरजवळचा मेन स्विच पाडून मिनिटभराने वर करा आणि सगळे ॲक्सेस पॉइंट उठेपर्यंत थांबा. "शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग बाइंडिंग" मध्ये यंत्रं परत दिसू लागली, एकही पोर्ट एरर-डिसेबल नाही आणि फोनचा पत्ता दहाने सुरू होतोय, एवढं झालं की तो जुना राउटर काढून सोबत घेऊन या. तिथे ठेवलात तर कोणीतरी लावणारच.

एवढ्यानंतरही एखाद्या खोलीत चुकीचाच पत्ता येत असेल तर मदत मागताना चार गोष्टी सोबत द्या: त्या यंत्रावरचं "आयपीकॉन्फिग /ऑल", स्विचवरचं "शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग", त्या पोर्टाचं रनिंग कॉन्फिग, आणि खोलीपासून मुख्य स्विचपर्यंत मध्ये कुठे कुठे काय जोडलंय त्याचं हाताने काढलेलं चित्र. चौथी गोष्ट सहसा कोणी देत नाही, आणि उत्तर बहुतेक वेळा तीतच असतं.